सात मात्रा

आमच्या गावात देशाचं गाणं म्हणायचं तर एके काळी नदी ओलांडावी लागे. गाव हदगाव तालुक्यातलं, पैनगंगेच्या अलीकडचं. अलीकडे निजामाचं राज्य, पलीकडे उमरखेड. १५ ऑगस्ट १९४७ला पलीकडचा काठ स्वतंत्र झाला आणि अलीकडचा १७ सप्टेंबर १९४८पर्यंत होता तिथंच राहिला. तेरा महिने. एकाच नदीचं पाणी, एका काठाला तिरंगा आणि दुसऱ्या काठाला तो नुसता घरात सापडला तरी दारात रझाकार.

माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, त्या तेरा महिन्यांतले बरेचसे दिवस पलीकडच्या कॅम्पात होते. निजामाविरुद्ध लढणाऱ्यांचे असे कॅम्प सरहद्दीला लागून बरेच होते, उमरखेडचा त्यातलाच. आबांच्या वाट्याला बंदूक आली नाही. आवाज होता, म्हणून डफ आला. रात्री जेवणं झाली की कंदील मधे ठेवायचा, एक डफ, एक तुणतुणं, मागं दोन झीलकरी. आधी गण, मग कुणीतरी कासीम रझवीची नक्कल करायचा (रझवी रझाकारांचा म्होरक्या, मूळ लातूरचा वकील, त्यामुळं त्याची कोर्टातली ऐट पाहिलेला एखादा तरी कॅम्पात निघायचाच), आणि शेवटी आबांचा पोवाडा. तो त्यांनीच रचलेला. धृपद असं:

पाय रोवुनी उभा गडी मी, काठ सोडणार नाही,
ऐक रं रझाकारा, आता माघार नाही… जी जी रं जी.

काव्य म्हणून यात फार काही नाही, हे मीच सांगून टाकतो. पण ‘काठ सोडणार नाही’ हे म्हणणारा माणूस स्वतःचा काठ सोडून पलीकडे बसलेला होता, आणि ऐकणारेही तसेच. आबा सांगायचे की त्या ओळीला पोरं रडायची. वाऱ्याची दिशा बरी असली तर डफाचा आवाज अलीकडे गावापर्यंत यायचा, असंही सांगायचे. आजी म्हणायची, काही ऐकू यायचं नाही. ऐकायला आम्ही घरात होतोच कुठं, ज्वारीत लपून बसायचो.

निजामाच्या राज्यात गाणं ही साधी गोष्ट नव्हतीच. सभा घ्यायची तर आधी परवानगी, त्या फर्मानाचं नाव ‘गश्ती निशाण ५३’. जुनी माणसं अजून हा आकडा एखाद्या रोगाच्या नावासारखा उच्चारतात. १९३८ला औरंगाबादच्या कॉलेजातल्या मुलांनी वसतिगृहात वंदे मातरम् म्हणायचा हट्ट धरला, ते लोण हैदराबादपर्यंत गेलं आणि उस्मानिया विद्यापीठानं शेकडो पोरांना काढून टाकलं. त्यातले कितीतरी नागपूरला जाऊन शिकले. पुढं पंतप्रधान झालेले नरसिंह राव त्यांच्यापैकीच. एका गाण्यापायी एवढ्या लोकांची गावं बदलली. तेव्हा आमच्या आबांनी एका गाण्यासाठी नदी ओलांडली, हे त्या मानानं किरकोळच.

*

पोवाडा संपला नाही, मालक बदलला. म्हणजे माझे वडील, अण्णा. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झाले १९६४ साली, आणि वर्षभरात त्यांनी चार मास्तर, एक ग्रामसेवक आणि गावातले दोन कलावंत धरून कलापथक उभं केलं. हलगी वाजवणारे एक काका होते, आणि पेटीवर चाचा. चाचांचा पिढीजात धंदा कापूस पिंजायचा. पण पेटी अशी वाजवायचे की अण्णांसारख्या बेसुऱ्या माणसालाही आपण गवई आहोत असं वाटायचं. अण्णा अजून ही गोष्ट मान्य करत नाहीत.

पथकाचा कार्यक्रम म्हणजे सगळी मिसळ. अल्पबचत, प्रौढशिक्षण, लाल त्रिकोण, काय म्हणाल ते. चाल बहुतेक वेळा एकच, आबांच्या पोवाड्याची. ‘ऐक रं’ म्हणून सुरू करायचं आणि पुढं ज्याला जे ऐकवायचं त्याचं नाव घालायचं. एकदा कुटुंबनियोजनाच्या गाण्यात ‘ऐक रं पाटलाच्या पोरा’ असं झालं आणि पाटील महिनाभर बोलत नव्हते, कारण त्यांना सात होती.

युद्ध आलं की मात्र कार्यक्रमाला वेगळी धार चढायची. अण्णांच्या आधी, १९६२ला, आबांनी स्वतःच ‘ऐक रं चिन्यांनो’ असं करून घेतलं होतं. व्याकरणाचं काय झालं ते विचारू नका. संरक्षण निधीसाठी झोळी फिरली, आजीनं कानातली बुगडी काढून टाकली. यशवंतराव चव्हाण तेव्हा संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य ज्याच्या त्याच्या तोंडी झालं. आबांनी तेही चालीत बसवलं. बुगडीबद्दल आजी शेवटपर्यंत म्हणायची, ‘दिली ती दिली माय, पण एकच द्यायची होती, दुसरी राहिली असती.’

१९७१ला अण्णांच्या पथकाचा सगळ्यात गाजलेला कार्यक्रम झाला. बैलगाड्या जोडून स्टेज, मागं सतरंजीचा पडदा, दोन बाजूंना गॅसबत्त्या. बतावणीत याह्याखान. हे काम हलगीवाल्या काकांकडं. डोक्यावर मिलिटरीची टोपी म्हणून पोस्टमनची टोपी, हातात बाटली, आणि पायाखाली सरकणारी खुर्ची. अण्णा सांगतात, लोक हसून हसून गाडीवरून खाली पडत होते. तालुक्यातली सतरा गावं झाली, कुठं दोन-दोन वेळा.

मी अण्णांना विचारलं, त्या बतावणीतला एखादा संवाद म्हणून दाखवा. त्यांना एकही आठवेना. काकांना विचारलं, नव्वदीला आलेत, त्यांना टोपी आठवली. ज्यावर सतरा गावं हसली त्यातलं एक वाक्य कुणाच्या डोक्यात राहिलेलं नाही. युद्धाच्या कार्यक्रमातला विनोद हा भाजीसारखा असतो, त्या बाजारापुरता. शत्रूचं नाव शिळं झालं की खाली जातो.

*

हे सगळं माझ्या डोक्यात नुसतं घरगुती गमतीजमती म्हणून पडून होतं. दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या सुट्टीत इरव्हिंग बर्लिन या अमेरिकन गीतकाराबद्दल वाचायला घेतलं, आणि पानापानावर मला आमचं पथक दिसायला लागलं.

हा माणूस १८८८ला रशियाच्या साम्राज्यात जन्मलेला ज्यू, पाच वर्षांचा असताना आईबापांबरोबर न्यूयॉर्कला आला. बाप प्रार्थनामंदिरात गाणारा. पोरगा हॉटेलात गाणी म्हणत मोठा झाला. स्वरलिपी त्याला शेवटपर्यंत वाचता आली नाही. पियानो वाजवायचा तो जवळजवळ सगळा काळ्या पट्ट्यांवर, एकाच स्वरात, आपल्या हिशेबानं काळी तीन. पट्टी बदलायची झाली की पियानोखालचा एक दांडा ओढायचा. थोडक्यात त्याच्याकडं स्केलचेंजर होता. आमच्या चाचांकडं नव्हता, आणि अण्णा प्रत्येक कडव्याला पट्टी बदलायचे.

१९१८ला अमेरिकेनं बर्लिनला सैन्यात बोलावलं. वर्तमानपत्रांनी ‘सैन्यानं बर्लिन घेतलं’ असे मथळे केले म्हणे. त्याला लाँग आयलंडवर यॅपहँकजवळच्या कॅम्प अप्टनमध्ये टाकलं. रात्रभर जागून गाणी लिहिणारा माणूस, त्याला पहाटे बिगुल वाजला की उठायचं! शेवटी त्यानं अधिकाऱ्यांना पटवलं की आपण सैनिकांचाच एक संगीताचा कार्यक्रम करू, त्यातून छावणीसाठी पैसे उभे करू. नाव ठेवलं ‘यिप यिप यॅपहँक’. ऑगस्ट १९१८मध्ये न्यूयॉर्कच्या सेंच्युरी थिएटरात तो लागला. काम करणारे सगळे खरे शिपाई, बायकांची कामंसुद्धा शिपायांनीच केलेली. हे वाचून मी हसलो, कारण आमच्या पथकात गवळणीतली राधा म्हणजे हदगावचे ग्रामसेवक.

त्या कार्यक्रमातलं सगळ्यात चाललेलं गाणं कशावर होतं? पहाटे उठण्यावर. शिपाई म्हणतो, सकाळी उठायचा मला भयंकर कंटाळा आहे, आणि एक दिवस मी त्या बिगुलवाल्याचा जीव घेणार आहे. पलीकडं जर्मनीशी महायुद्ध चाललंय, लाखांनी माणसं मरतायत, आणि रंगमंचावरच्या शिपायाचा शत्रू कोण, तर आपल्याच छावणीतला बिगुलवाला! जर्मनांचं नावही घ्यायची गरज पडली नाही. २४ वर्षांनी, दुसऱ्या महायुद्धात, बर्लिननं ‘धिस इज द आर्मी’ हा दुसरा कार्यक्रम केला, ४ जुलै १९४२ला तो उघडला, आणि त्यात पन्नाशी ओलांडलेला बर्लिन स्वतः जुना गणवेश घालून हेच गाणं म्हणायला उभा राहिला. युद्ध बदललं होतं, शत्रूंची यादी बदलली होती, बिगुलवाला तोच.

पण मला जास्त भिडली ती दुसऱ्या एका गाण्याची गोष्ट. यॅपहँकच्या शेवटासाठी बर्लिननं एक प्रार्थनागीत लिहिलं होतं, ‘गॉड ब्लेस अमेरिका’. शिपाई गात गात रंगमंच सोडून निघाले आहेत अशा प्रसंगाला. मग त्यालाच ते फार गंभीर वाटलं. खरोखर युद्धावर निघालेल्या पोरांच्या तोंडी आणखी असं गाणं कशाला, म्हणून काढून पेटीत टाकलं. (ट्रंक या अर्थी पेटी. आमच्याकडं या शब्दानं नेहमी घोटाळा होतो.) वीस वर्षं ते तिथं पडून राहिलं. १९३८ला युरोपात पुन्हा ढग जमायला लागले, रेडिओवर केट स्मिथ या गायिकेला युद्धबंदीच्या स्मृतिदिनासाठी काहीतरी हवं होतं, तेव्हा बर्लिनला ते आठवलं. बाहेर काढून त्यानं त्यातली एक ओळ बदलली. मूळ ओळीत ‘तिला जमिनीवर आणि समुद्रावर विजयी कर’ असं मागणं होतं. नव्या ओळीत विजय गेला. तिथं डोंगर आले, गवताळ मैदानं आली आणि फेसानं पांढरे झालेले समुद्र आले. १० नोव्हेंबर १९३८ला केट स्मिथनं ते गायलं आणि ते अमेरिकेचं जवळजवळ दुसरं राष्ट्रगीत झालं.

म्हणजे जे गाणं युद्धासाठी लिहिलं ते युद्धात गायलंच गेलं नाही. त्यातलं युद्ध काढल्यावर ते चाललं.

मग मी आपल्याकडची गाणी तपासायला लागलो. ‘ऐ मेरे वतन के लोगों’ हे तर सरळ कार्यक्रमासाठीच लिहिलेलं गाणं. कवी प्रदीप, सी. रामचंद्र, लता मंगेशकर, २७ जानेवारी १९६३, दिल्ली, समोर नेहरू. चीननं नामुष्की करून दोन महिने झालेले. पूर्ण गाणं म्हणून पाहा, त्यात चीन कुठंच नाही. शीख, जाट, मराठा, गुरखा आहेत, दिवाळी आहे, परत न आलेले लोक आहेत. त्याच वर्षी आलेल्या ‘छोटा जवान’मधलं माडगूळकरांचं गाणं घ्या, वसंत देसाईंची चाल, महेंद्र कपूर यांचा आवाज. शाळेत आम्ही ते २६ जानेवारीला ताठ उभं राहून म्हणायचो. माडगूळकरांनी युद्ध कुणाशी म्हटलंय? ‘माणुसकीच्या शत्रूसंगे’. हिमालयातला बर्फ अजून लाल असताना या माणसानं शत्रूला देश दिला नाही! म्हणून १९६५ला चाललं, ७१ला चाललं, कारगिलला चाललं, आणि आमच्या वर्गात हे कुठल्या युद्धाचं गाणं असा प्रश्न एकाही पोराला पडला नाही.

*

आता चाचांबद्दल लिहायला हवं.

आबांचा पोवाडा दर १७ सप्टेंबरला शाळेत झेंडावंदनानंतर व्हायचा. आबा स्वतः म्हणायचे, मूळचा, ‘ऐक रं रझाकारा’. त्या दिवशी चाचा गावात नसायचे. हदगावला काम निघायचं. दर वर्षी. लहानपणी मला एवढंच कळायचं की १७ सप्टेंबरला पेटी नसते आणि पोवाडा नुसत्या डफावर होतो.

१९४८ला चाचा आठ वर्षांचे होते. १३ सप्टेंबरला हिंदी फौजा शिरल्या, १७ला निजामानं हात टेकले, आणि पलीकडची माणसं अलीकडं आली. पुढं काय झालं ते आमच्या घरात कुणी सांगत नसे. ‘तो आठवडा वाईट होता’ एवढंच आबा म्हणायचे. खूप नंतर, आबा गेल्यावर, आजीनं सांगितलं की त्या आठवड्यात चाचांचे वडील कापूस पिंजायला म्हणून शेजारच्या गावाला गेले ते परत आले नाहीत. रझाकार होते का ते? आजी माझ्याकडं बघत राहिली. म्हणाली, ‘गाद्या भरायचे रे.’

रझाकारांनी आमच्या भागात काय केलं ते ज्वारीत लपलेल्या आजीकडून मी ऐकलेलं आहे, ते पुसून टाकायचं माझ्या मनातही नाही. पण त्यानंतरचंही आहेच. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं त्याच वर्षअखेरीला हा मुलूख फिरून सरकारला अहवाल दिला. मेलेल्यांचा अंदाज २७ ते ४० हजार, आणि सगळ्यात जास्त झळ बसलेले जिल्हे म्हणून उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड ही नावं. तो अहवाल कित्येक दशकं लोकांपुढं आलाच नाही. आम्ही मुक्तिसंग्रामाचा धडा दहा वेळा लिहून काढला, त्यात हे पान नव्हतं.

मला एक प्रश्न आबांना विचारायचा राहून गेला. ती माणसं नदी ओलांडून आली तेव्हा काय गात आली? गावात शिरताना डफ कुणाच्या हातात होता? गाण्यानं कुणाला मारलं असं मी म्हणत नाही. पण पिंजाऱ्याच्या दारावरून जाताना ‘ऐक रं रझाकारा’ म्हटलं गेलं असेल, तर ते ऐकायला आत कोण होतं? दिल्लीत किंवा मुंबईत बसून लिहिलेल्या गाण्यातला शत्रू लांब असतो, डोंगराच्या पलीकडं. आमच्याकडं तो नदीच्या अलीकडं, एका भिंतीपलीकडं, आणि पुढं सतरा वर्षांनी आमच्याच पथकात पेटीवर.

१९६५ला अण्णांनी पोवाडा नव्यानं बांधला. त्यांची वही माझ्यासमोर आहे, दोनशे पानी, पुठ्ठ्यावर हनुमानाचं चित्र. त्या पानावर निळ्या शाईत ‘ऐक रं पाकिस्ताना’ आहे. त्यातला ‘पाकिस्ताना’ शिसपेन्सिलीनं खोडलाय. वर दुसरा शब्द लिहिलेला नाही. खोडल्या जागी एक आडवी रेघ आणि रेघेखाली ‘७’ एवढा आकडा. त्यानंतर अण्णांच्या पथकानं हा पोवाडा जिथं जिथं केला तिथं तो असाच झाला: अण्णा म्हणणार ‘ऐक रं’, मग थांबणार, त्या जागेत चाचा पेटीवर एक छोटासा तुकडा वाजवणार, बरोबर सात मात्रांचा, आणि मग सगळे मिळून ‘आता माघार नाही’. ७१ला असाच. त्या एका ठिकाणी अण्णा आपला हात कानावरून काढून चाचांकडं करायचे, लोक टाळ्या वाजवायचे.

मी पहिल्यांदा नीट ऐकला तो १९९९ला. नववीत होतो. कारगिलसाठी मदतीचा कार्यक्रम, जुलैचा महिना, पाऊस नुसताच भुरभुर, म्हणून मोंढ्यातल्या शेडमध्ये. सरकीच्या पोत्यांवर बसलेले लोक. प्रत्येक गाण्यानंतर माईकवरून ‘किराणा दुकानदारांतर्फे एकशे एक, गिरणीवाल्यांतर्फे एक्कावन’ असा पुकारा, त्यामुळं गाण्यापेक्षा पुकाराच लांबलेला. अण्णा निवृत्तीला आलेले, चाचांचे केस पांढरे. ‘ऐक रं’ म्हणून अण्णा थांबले, चाचांनी तो तुकडा वाजवला, आणि मला वाटलं की हे मलाच काहीतरी सांगतायत. कुणाचं नाव नाही म्हटल्यावर ऐकायचं ते आपणच, नाही का? मी पोत्यावर सावरून बसलो.

त्या रात्री अकरा हजारांच्या वर पैसे जमले. ज्या मंडळानं कार्यक्रम ठेवला होता ते म्हणालं, ड्राफ्ट काढून पाठवतो. पावती आली नाही. अण्णांनी त्यांना चार पोस्टकार्डं टाकली, पाचवं टाकलं नाही. पुढं वाचलं की यॅपहँकच्या कार्यक्रमातूनही ८० हजार डॉलरच्या आसपास जमले होते, छावणीत भेटायला येणाऱ्या नातेवाइकांसाठी इमारत बांधायला. इमारत झालीच नाही, आणि पैशांचं काय झालं ते बर्लिनला कधी कळलं नाही. मी हे अण्णांना मुद्दाम सांगितलं. त्यांना फार बरं वाटलं.

आणखी एक सांगितलं. ‘धिस इज द आर्मी’च्या पथकात बर्लिननं काळ्या शिपायांना घ्यायला लावलं. बाकी सगळ्या अमेरिकन सैन्यात काळ्यांच्या पलटणी वेगळ्या असताना हे पथक एकत्र राहिलं, एकत्र फिरलं. सैन्यातला हा भेद काढायचा हुकूम ट्रुमननी दिला तो जुलै १९४८मध्ये. अण्णा म्हणाले, आमचाही तोच नियम होता, जिथं हलगीवाल्याला आणि चाचाला वेगळी पंगत, तिथं कार्यक्रम नाही. आई आतून म्हणाली, ‘दोनदा तरी तसंच जेवून आलात. मला चाचीनं सांगितलंय.’ अण्णांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

*

तर माझा सिद्धान्त तयार होता. बर्लिननं विजय काढला, माडगूळकरांनी देशाचं नाव घेतलं नाही, आणि आमच्या मास्तरांनी १९६५ला, ऐन युद्धात, पेटीवर बसलेल्या मित्राकडं पाहून एक शब्द खोडला. लेखाचा शेवट हातात आला असं वाटून मी वही घेऊन अण्णांसमोर बसलो. ते आता ८१चे आहेत, ऐकू कमी येतं, पण हे पान दाखवल्यावर चष्मा न लावता ओळखलं.

‘हे का खोडलंत?’

‘मात्रा बसत नव्हती.’

‘म्हणजे?’

‘रझाकारा म्हणजे सात मात्रा. र-झा-का-रा. पाकिस्ताना म्हणशील तर आठ. एक जास्त होते, सम चुकते. चिन्यांनो तर सहाच. आबांनी ओढूनताणून बसवला होता तो.’

मी बोटांवर मोजलं. बरोबर होतं.

‘एवढंच कारण?’

‘मग आणखी काय पाहिजे? चाल आहे ती, सातबारा नाही की कुठंही खाडाखोड करावी.’

माझा चेहरा पडलेला त्यांना दिसला असणार. वही मिटून थोडा वेळ ते गप्प बसले. मग आपण होऊनच म्हणाले, ‘मला कुठं कळतंय मात्राबित्रा. तालमीत चाचानंच पेटी थांबवली. म्हणाला, मास्तर, एक मात्रा बढ़ रई. तुम खाली जगा छोडो, मैं भर देता.’

चाचा जाऊन आता बरीच वर्षं झाली. हे त्यांना विचारता येत नाही.

गेल्या सप्टेंबरला माझ्या मुलीच्या शाळेनं मुक्तिसंग्राम दिनासाठी ‘घरातल्या आजी-आजोबांची आठवण’ असा व्हिडिओ मागवला. नांदेडहून आम्ही गावी गेलो. अण्णा धुतलेला शर्ट घालून बाजेवर बसले, हात कानावर ठेवला. आवाज चिरका झालाय पण चाल पक्की. ‘पाय रोवुनी उभा गडी मी, काठ सोडणार नाही, ऐक रं…’ आणि थांबले. उजव्या हाताची बोटं बाजेच्या माच्यावर आपटत राहिली, डोळे डावीकडं, जिथं पेटी असायची तिथं. मग ‘आता माघार नाही’.

मुलीनं रात्रीच व्हिडिओ नीट करून वर्गाच्या ग्रुपवर टाकला. सकाळी सगळ्यांचे अंगठे आले होते. ती अण्णांच्या कानाशी फोन धरून म्हणाली, ‘आजोबा, एका ठिकाणी तुम्ही विसरला होता ना, ते मी कापून टाकलं. कळतसुद्धा नाही.’

अण्णांनी फोन कानापासून लांब केला, पुन्हा जवळ घेतला, पुन्हा ऐकलं.

‘सम चुकली,’ म्हणाले.